पद्माक्कांची गदा

पद्मावतीबाईंना त्या रविवारी सिनेमाला जायचंच नव्हतं. नवऱ्यानं त्यांना अक्षरशः पिटाळलं. आपण बायकोला सिनेमाला पिटाळतोय हे शांतिनाथ चौगुल्यांना अर्थातच ठाऊक नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते तिला जैन मंदिरात प्रवचनाला पाठवत होते.

"अहो, आज नको," पद्मावतीबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. "चार वाजता कुरुंदवाडचं पावणं यायचं. खीर करायची हाय, त्रिशलाचं केस धुवायचं हायत, पडदं बदलायचं हायत. एक आयतवार चुकला तर काय बिघडतंय?"

"काय बिघडतंय?" शांतिनाथ दुकानाला निघता निघता उंबऱ्यातून परत फिरले. "अगं, जयपालआण्णा पोरगी बघाय येत्यात ते कशापायी? माझ्या रंगापायी? का ह्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांपायी? तू प्रवचनातनं जे ऐकून येतीस आणि मी दुकानात जे सांगतो, त्यापायी! आले की त्यांचा एक प्रश्न ठरलेला हाय. 'आज काय ऐकलासा?' मग काय सांगू? बायको खीर ढवळत हुती?"

यावर बोलण्यासारखं पद्मावतीबाईंपाशी पुष्कळ होतं, पण त्यातलं एकही वाक्य नवऱ्यासमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. त्यांनी चपला पायात सरकवल्या. खीर, केस आणि पडदे हे तिन्ही शेजारच्या लीलाताईंवर सोपवले आणि त्या निघाल्या.

हे प्रकरण तीन वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. घराचा रिवाज असा, की दुकानाची सुट्टी सोमवारी, त्यामुळे रविवारचं प्रवचन शांतिनाथांना कधी मिळायचं नाही. मग बायकोनं ऐकून यायचं आणि दुपारच्या जेवणाला नवऱ्याला सांगायचं. एका रविवारी प्रवचनकारांचा घसा बसला आणि श्रोते आल्या पावली परत फिरले. पद्मावतीबाईंबरोबर मंदिराच्या कोपऱ्यापर्यंत लीलाताई असायच्या. तिथून त्या अंबाबाईला जायच्या. त्या दिवशी लीलाताईंच्या पिशवीत दोन पास होते. त्यांचे दीर कृष्णात रणधीर टॉकीजला डोअरकीपर होते आणि रविवारी सकाळी दहाच्या इंग्रजी खेळाला बाल्कनीत चिटपाखरू नसायचं.

"चल की," लीलाताई म्हणाल्या. "देव कुठं पळून चाललाय?"

"पण इंग्रजी कळतंय कुणाला?"

"मराठी बोलणारी माणसं तरी कुठं कळत्यात आपल्याला?"

आणि दोघी जणी जाऊन बसल्या. विलायतेतल्या कुठल्यातरी गरीब कंपनीनं काढलेला भुताचा सिनेमा होता. कंपनी गरीब आहे हे पद्मावतीबाईंनी पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं. कापडदुकानदाराचीच बायको ती. राजवाड्यातले लाल मखमली पडदे पाहून त्यांनी मनात वार मोजले, आणि पुढं एका रविवारी दुसऱ्याच सिनेमात तेच पडदे नायिकेच्या अंगावर झगा होऊन आले तेव्हा त्या खुर्चीतून पुढे झुकून म्हणाल्या, "लीले, बघ, जोड कुठं दिलाय! काखेत दिलाय!" राजवाडा तोच, जिना तोच, मेणबत्तीसुद्धा तीच, फक्त थोडी आखूड झालेली. घोडागाडी रानातून पळायची तेव्हा एकच वाकडं झाड तीनदा मागं जायचं. रक्त तर असं लालभडक, की लीलाताई म्हणाल्या, "आमच्या सासूबाई पापडखाराच्या पाण्यात हळद कालवून ह्याच्यापेक्षा बरं रक्त करतील."

पहिल्याच दिवशी पडद्यावर भलंमोठं वटवाघूळ फडफडत आलं. लीलाताईंनी किंचाळून पद्मावतीबाईंच्या दंडाला नखं रुतवली. पद्मावतीबाईंचेही डोळे मिटणारच होते, पण मिटता मिटता त्यांना काहीतरी दिसलं.

"लीले, डोळं उघड. दोरी दिसाय लागलीया."

"कसली दोरी?"

"वटवाघळाची. वरनं कुणीतरी हलवाय लागलंय. डावीकडं बघ."

दोघींनी दोरी बघितली, आणि मग त्या जन्मभराच्या भक्त झाल्या. लोकांना वाटेल, दोरी दिसली म्हणजे सिनेमा फसला. पण ज्या बायकांना आधी सासऱ्याचं, मग थोरल्या जावेचं, मग पोरीच्या लग्नाचं भय वाटत आलंय, आणि त्यातल्या एकाचीही दोरी कधी दिसलेली नाही, त्यांना हे केवढं सुख! दीड तास घाबरायचं, आणि तेही आपल्या मर्जीनं. शिवाय माणसं किती सभ्य. दाराशी भूत येऊन उभं असलं तरी घरातले आधी चहा ओतायचे.

त्या पहिल्या दिवशी जेवताना शांतिनाथांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "आज काय सांगितलं?" पद्मावतीबाईंच्या तोंडून जे होतं तेच बाहेर पडलं. एक राजा होता. दिवसभर झोपायचा आणि सूर्य मावळल्यावरच जेवायचा. लसूण त्याला चालत नव्हता, समोर आला तरी तोंड फिरवायचा. पण रात्री खाल्ल्याबिगर राहायचा नाही. शेवटी एक दिवस सूर्याचं ऊन अंगावर पडलं आणि बसल्या जागी त्याची राख झाली.

शांतिनाथांचा घास हातातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं.

"बघितलंस?" ते म्हणाले. "कंदमुळं सोडलीवती बिचाऱ्यानं. पण रात्रीचं जेवण सोडलं न्हाय. एवढ्या एका चुकीपायी! एक नेम पाळला आणि एक मोडला तर भागत न्हाय, पद्मा."

पद्मावतीबाई खरं सांगणार होत्या. पण लग्नाच्या बावीस वर्षांत नवरा त्यांचं बोलणं घास थांबवून कधी ऐकत बसला नव्हता. त्यांनी त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली. मंगळवारी दुकान उघडल्या उघडल्या ती गोष्ट गिऱ्हाइकांना सांगून झाली. मग दर आठवड्याला एक. हळूहळू असं झालं, की माणसं शांतिनाथांकडं दोन वार मांजरपाट घ्यायला येत आणि तासभर बसून धर्म ऐकून जात. कुरुंदवाडचे जयपालआण्णा मगदूम, गुळाचे मोठे व्यापारी, असेच एकदा धोतरजोडी घ्यायला आले, रात्री जेवणाऱ्या राजाची गोष्ट ऐकून सुन्न झाले, आणि तेव्हापासून कोल्हापूरला आले की दुकानात डोकावल्याशिवाय जात नसत. त्यातूनच हे स्थळ आलं होतं.

स्थळ आलं होतं आणि त्रिशलाच्या मनातही होतं, हीच तर खरी काळजी. आण्णांचा मुलगा भरतेश गारगोटीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. एका लग्नाच्या पंगतीत त्यानं त्रिशलाला बुंदीचा लाडू आणि समई घेऊन चंद्रग्रहण कसं होतं ते समजावून दिलं होतं. त्यानंतर पोरीनं दोन स्थळं नाकारली आणि लाडू खायची बंद झाली. पण मुलगी पसंत करायची ती आण्णांनी, आणि आण्णांची ख्याती कुरुंदवाडपासून गारगोटीपर्यंत होती. त्यांनी आजवर तीन मुली बघितल्या होत्या. पहिली त्यांचा पहिला प्रश्न ऐकून रडली. दुसरी स्वतःचं नाव विसरली. तिसरीला उचकी लागली ती पाहुणे एस्टीत बसेपर्यंत थांबली नाही. आणि आपली त्रिशला तर पोस्टमननं जोरात हाक मारली तरी दाराआड जाणारी.

रणधीर टॉकीजसमोर त्या रविवारी कुत्रंसुद्धा नव्हतं. खासबागेच्या मैदानात मोठी कुस्ती होती. शेवटची जोड सहा वाजता लागायची होती, पण जागा धरायला अर्धं कोल्हापूर सकाळीच भाकरी बांधून गेलं होतं. दारात महिनाभर उभा असलेला बोर्ड पद्मावतीबाईंनी आजही न वाचताच ओलांडला. बाल्कनीत त्या एकट्या. खाली चौघे जण होते, तेही इंटरव्हलला शेंगदाणे घेऊन खासबागेकडं गेले.

सिनेमा नवीन होता. एका वाड्याच्या तळघरात दगडाचा सरदार झोपवलेला, खांद्याशी दगडाची गदा. वाड्याचा मालक खोटारडा. तो एक खोटं बोलला, की सरदार उठून एक पाऊल टाकायचा. धुम्. दुसरं खोटं, दुसरं पाऊल. धुम्. मालक लोकांना चहा पाजत खोटं बोलत राहतो आणि पाऊल जिन्यावर येतं. दगड पुठ्ठ्याचा होता, हे उघड होतं. चौथ्या पायरीवर सरदाराची टाच सुटली आणि त्यानं ती हळूच पायानं मागं सारली. एरवी पद्मावतीबाई पोट धरून हसल्या असत्या. आज मात्र घामानं त्यांचा ब्लाउज पाठीला चिकटला. टाच दिसत होती, पण स्वतःचं खोटंही दिसत होतं.

दिवे लागले, त्या लगबगीनं जिना उतरल्या, आणि खाली दारात त्यांची वाट अडली. टॉकीजचे मालक हंबीरराव फेटा बांधून उभे होते. जन्म तालमीत गेलेला माणूस. गुडघा गेला म्हणून सिनेमात आले होते, पण जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना अजून कुस्तीसारखीच दिसायची. त्यांच्या हातात चांदीचा मुलामा दिलेली हातभर गदा होती आणि शेजारी कृष्णात हार घेऊन उभा होता.

"अक्का, जिंकलासा!"

"काय जिंकलं?"

"बोर्ड न्हाय वाचला? 'भुताचा सिनेमा एकट्यानं शेवटापातूर बघणाऱ्या मर्दास गदा.' म्हैना झाला, एक मर्द आला न्हाय. आज तुम्ही आलासा."

"मी एकटी कुठं हुतो? खाली चार जण हुतं की!"

"ती मैदान सोडून गेली. गेली ती हरली. शेवटाला उभा ऱ्हाईल त्यो जिंकला, हा नियम हाय."

"अहो पण मी कुठं उभी हुतो? बसलोतो की!"

हंबीररावांना हा मुद्दा क्षणभर पटल्यासारखा वाटला, पण त्यांनी तो झटकून टाकला. "घ्या गदा."

"नको, नको! गदा नको, हार नको, काय नको!" असं म्हणून पद्मावतीबाई डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून जवळजवळ धावतच निघून गेल्या.

हंबीरराव बघत राहिले. त्यांच्या आयुष्यात जिंकलेल्या माणसानं गदा नाकारल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. त्यांनी बराच विचार केला, आणि एकाएकी त्यांच्या लक्षात आलं.

"आपलं चुकलं, कृष्णात. हलगी न्हाय, मिरवणूक न्हाय, दारात उभं करून गदा देतंय व्हय कुणी? मान दिला न्हाय म्हणून रागानं गेली बाई. घर ठावं हाय न्हवं?"

"ठावं न्हाय तर! आमच्या वहिनीच्या शेजारच्या पद्माक्का त्या."

"मग खासबागंला जाणारी हलगी आणि ढोल वाटंवर थांबीव."

पद्मावतीबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या घरी आल्या, खीर चाखली, पडदे सरळ केले. दुपारी जेवायला आलेल्या शांतिनाथांनी विचारलं, "आज काय हुतं?"

"खोटं बोलणाऱ्याची गोष्ट."

"झकास! आता मला सांगू नगंस, शिळी हुईल. पावण्यांसमोर तूच सांग."

"मी? आण्णांसमोर?"

"मग काय. गोष्टीचा उगम कुठाय ते त्यांनाबी कळू दे."

पद्मावतीबाई ताटावरून उठल्या आणि तयार असलेली खीर पुन्हा ढवळू लागल्या.

बरोबर चार वाजता आण्णा दारात उभे राहिले. सहा फूट उंची, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, आणि भुवया अशा की त्यांच्या सावलीत दोन माणसांनी जेवायला बसावं. मागं ठेंगण्याठुसक्या, गोल चेहऱ्याच्या त्यांच्या पत्नी रत्नाबाई, आणि त्यांच्या मागं पायाच्या अंगठ्याकडं बघणारा भरतेश. "या, या," शांतिनाथ म्हणाले. आण्णा हलले नाहीत. "आत या की." तरी नाहीत. तिसऱ्यांदा "या" म्हटल्यावर त्यांनी उंबरा ओलांडला. बोलावल्याशिवाय उंबरा न ओलांडणारा पडद्यावरचा एक उंच माणूस पद्मावतीबाईंच्या चांगलाच ओळखीचा होता. त्यांनी एकदा खिडकीकडं बघून ऊन आहे ना, याची खात्री करून घेतली.

त्रिशला पोहे घेऊन आली. डिशमधले चमचे वाजत होते.

"नाव?" आण्णांनी विचारलं. आवाज पिंपात बोलल्यासारखा.

त्रिशलानं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"शिक्षण?"

पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. भरतेश पायाच्या अंगठ्यावरून नजर उचलून कळवळून तिच्याकडं बघत होता. दाराआडून लीलाताई हातवारे करून 'बी.ए., बी.ए.' सांगत होत्या.

"मुकी हाय व्हय?"

त्रिशलाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. चौथा प्रश्न यायच्या बेतात होता, तेवढ्यात रत्नाबाई किंचित खोकल्या. आण्णा थांबले. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आधी चांगलं काहीतरी कानावर पडू दे. शांतिनाथराव, आज काय ऐकलासा?"

"आज हिच्याच तोंडनं ऐका," शांतिनाथ अभिमानानं म्हणाले. "सांग गं."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. पद्मावतीबाईंनी पदर सारखा केला. पोरीचा सगळा संसार आता एका पुठ्ठ्याच्या सरदारावर अवलंबून होता.

"एक... एक वाडा हुता," त्यांनी सुरुवात केली. "त्याचा मालक लई खोटारडा. पण मनानं वाईट न्हवता हं. एकदा सहज खोटं बोलला, आणि मग खरं सांगायला सवडच गावली न्हाय त्याला."

सांगता सांगता त्यांचा आवाज लागला. त्यांना स्वतःलाही भान राहिलं नाही. दगडाचा सरदार उठला. पहिल्या खोट्याला एक पाऊल, धुम्. दुसऱ्याला दुसरं, धुम्. आण्णांच्या हातातली डिश खाली गेली. भुवया वर चढल्या.

"सहा खोटी झाली, आणि सरदार जिना चढून आला. खांद्यावर ही एवढी गदा. घरात पावणं बसल्यालं. मालक सातवं खोटं बोलाय तोंड उघडतोय, तवर बोळात आवाज... धुम्... धुम्... धुम्..."

एवढं बोलून पद्मावतीबाईंनी तोंड मिटलं.

धुम्, धुम्, धुम्.

"वा!" शांतिनाथ म्हणाले. "आवाज काय काढलायस!"

"मी न्हाय काढला," पद्मावतीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आवाज वाढला. बोळात वळला. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. आवाज बरोबर दाराशी येऊन थांबला आणि दार भरून एक आडवातिडवा माणूस उभा राहिला. खांद्यावर गदा.

"आई, आला गं!" त्रिशला ओरडली. तिचा आवाज असा खणखणीत निघाला, की बोळाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेला असेल.

त्याच क्षणी खुर्ची पडल्याचा आवाज झाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. आण्णा जागेवर नव्हते. ते रत्नाबाईंच्या मागं, खाली बसून, एका हातानं त्यांचा पदर घट्ट धरून होते.

"काय झालं?" दारातला सरदार गोंधळून म्हणाला. "मी हंबीरराव. रणधीर टॉकीजचा मालक. अक्का, चूक झाली आमची, माफी करा. मानानं गदा द्याय आलोय. मंडळी, ऐका! आज ह्या माउलीनं भुताचा पिक्चर एकटीनं बघितला! कोल्हापुरात एक मर्द निघाला न्हाय, ही निघाली!"

मागून कृष्णात उत्साहानं पुढं आला. "आज म्हणून न्हाय. तीन वर्सं झाली, वहिनी आणि ह्या, एक आयतवार चुकवला न्हाय!"

दाराआडून लीलाताईंनी कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज आला.

शांतिनाथ उठून उभे राहिले. मग त्यांनी बारीक आवाजात हंबीररावांना विचारलं, "रात्री जेवणारा राजा... त्यो?"

"त्यो व्हय! आमच्याकडंच लागलाता. दोन आठवडं चालला. नंतर त्याचा भाऊ आला, तसाच, पण त्याला दम न्हवता."

आण्णा आता उभे राहिले. कोट झटकला, भुवया जागेवर आणल्या. "फसवलासा आमाला!" त्यांचा आवाज पुन्हा पिंपातून आला. "धर्माचं घर म्हणून आलो, आणि हितं..."

पद्मावतीबाई पुढं झाल्या. "खोटं बोललो मी," त्या म्हणाल्या. "तीन वर्सं बोललो. ह्यांना ठावं न्हवतं, पोरीलाबी न्हवतं. माझ्यापायी तिचं मोडू नगासा. काय बोलायचं ते मला बोला."

बोलता बोलता त्यांनी मान वर करून आण्णांकडं पाहिलं, आणि सवयीनं त्यांची नजर जरा डावीकडं गेली. आण्णा छाती काढून उभे होते, भुवया फडफडत होत्या, पण मुठीत रत्नाबाईंच्या पदराचं टोक अजून तसंच होतं. तिथून पदर ताणला जाऊन सरळ रत्नाबाईंच्या खांद्यापर्यंत गेला होता. पद्मावतीबाईंनी वर केलेली मान मग खाली घातली नाही.

दोरी दिसली.

"पदर सोडा आधी," रत्नाबाई शांतपणे म्हणाल्या. आण्णांनी सोडला. "आणि बसा." आण्णा बसले. रत्नाबाईंचे गोल खांदे मघापासून हलत होते. आता त्यांनी हसू दाबायचं सोडून दिलं. "आवं पद्माबाई, त्या राजाची गोष्ट ह्यांनी आमच्या गावात मंदिरात सांगितलीया. सगळ्या समाजाम्होरं. प्राचीन ग्रंथातली हाय म्हणून!"

"रत्ना!"

"सांगू द्या की. गोष्ट ऐकून माणसं रडली. एवढा अभ्यास म्हणून ह्यांना मंदिराच्या पंचात घेतलं, फेटा बांधला. आता मोडा म्हणावं सोयरीक, आणि गावात जाऊन कारण सांगा."

बाहेर हलगीवाल्यानं चुकून एक टिपरू टाकलं. आण्णांनी छताकडं बघितलं, हंबीररावांकडं बघितलं, गदेकडं बघितलं.

"हंबीरराव," ते शेवटी म्हणाले, "तुमचं कुरुंदवाडला येणं-जाणं?"

"कधीच न्हाय."

"बरं."

आणि त्यावर आणखी एक आवाज उमटला. "माझं नाव त्रिशला," पोरगी म्हणाली. एकदा किंचाळून घसा मोकळा झाल्यावर तिला आता अडत नव्हतं. "बी.ए. झालोय. सैपाक येतो. गाणं येत न्हाय, आणि शिकणारबी न्हाय. आण्णा, पोहं घ्या, गार व्हाय लागल्यात."

आण्णांनी मुकाट्यानं डिश उचलली. भरतेश कोल्हापुरात आल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं हसला.

सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली, सुपारी फुटली आणि हंबीरराव बायकोमुलांसकट लग्नाला यायचं कबूल करून खासबागेकडं पळाले. पाहुणे गेल्यावर शांतिनाथ गदा मांडीवर घेऊन बसले होते. पद्मावतीबाई दारात उभ्या.

"रागवलासा?"

"रागवणार न्हाय तर काय?" शांतिनाथ म्हणाले. जरा थांबून, दुसरीकडं बघत म्हणाले, "तीन वर्सं लीलाला नेलीस. मला एकदाबी विचारलं न्हाईस."

"तुम्ही दुकान सोडून आला असता?"

शांतिनाथांनी गदा फडक्यानं पुसली. "विचारलं असतंस तर कळलं असतं की."

पद्मावतीबाईंनी खिरीची उरलेली वाटी आणून त्यांच्यासमोर ठेवली, आणि खिडकीबाहेर अजून ऊन आहे हे त्यांना बोटानं दाखवलं.

प्रायश्चित्त म्हणून त्या आता खरोखरच प्रवचनाला जाऊ लागल्या. आठचं प्रवचन, दहाचा सिनेमा, मध्ये चालायला पाऊण तास. जेवताना नवऱ्याला खरं प्रवचन सांगू लागल्या, शांतिनाथ ते दुकानात सांगू लागले, आणि जुनी गिऱ्हाइकं कापड चाचपत म्हणू लागली, "पहिल्यासारखं ऱ्हायलं न्हाय बघा."

पुढच्याच रविवारी रणधीर टॉकीजची बाल्कनी पहिल्यांदा भरल्यासारखी दिसली. लीलाताई होत्या. दुकान दोन तास बंद ठेवून शांतिनाथ आले होते आणि पडद्यावरच्या मखमलीचा भाव काढत होते. भरतेश आणि त्रिशला पार शेवटच्या रांगेत होते आणि त्यांना पडदा दिसतही नसावा. कुरुंदवाडहून गुळाच्या कामासाठी म्हणून आलेले आण्णा, कोटाची सगळी बटणं लावून, रत्नाबाई आणि पद्मावतीबाईंच्या मधोमध बसले होते.

पडद्यावर खिडकी उघडली. धूर आला. काळं वटवाघूळ फडफडत थेट अंगावर आलं, आणि कुरुंदवाडच्या पंचांनी उपरण्यात तोंड खुपसलं.

पद्मावतीबाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

"आण्णा, भिऊ नगासा," त्या हळूच म्हणाल्या. "डावीकडं बघा. दोरी दिसाय लागलीया."

आण्णांनी उपरण्यातून एक डोळा बाहेर काढला. दुसऱ्या हातात रत्नाबाईंचा पदर होताच.